चौकशीचा फोन नशिराबादला

मी काय काम करते हे सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. कॅनडाला जायला खर्च किती येतो, आणि तुम्ही स्वतः का नाही गेलात? पहिल्या प्रश्नाला मी ऑफिसात या म्हणून सांगते. दुसऱ्याचं उत्तर एवढंच की मला जळगावच्या बाहेर करमत नाही. नाशिकला बहिणीकडे गेले तरी आठवड्याच्या आत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आठवायला लागते आणि मी पिशवी भरते. बहीण म्हणते, लोकांना सातासमुद्रापार धाडणारी तू, तुला कसारा घाटसुद्धा ओलांडवत नाही. ती म्हणते ते खरं आहे.

परदेशात कायमचं राहायला जाणाऱ्या कुशल कामगारांच्या फायली तयार करणं हा माझा धंदा. परवाना आमच्या साहेबांच्या नावावर आहे, ते मुंबईत बसतात. जळगाव आणि धुळे माझ्याकडे. जळगावचं ऑफिस बसस्टँडजवळ पहिल्या मजल्यावर, खाली मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दर गुरुवारी धुळ्याला एका वकिलांच्या ऑफिसात कोपऱ्यातलं टेबल. लोक मला एजंट म्हणतात. आधी राग यायचा, भांडायचेही. यंदापासून काम निम्मं केलंय, त्यामुळे रागही निम्मा झालाय. कामातलं काहीतरी लिहा असा या अंकाच्या संपादकांचा आग्रह होता, म्हणून लिहायला बसले आहे.

धंदा आधी समजावून सांगते, कारण बाहेरच्याला वाटतं की फॉर्म भरला, फी भरली की विमान. तसं नसतं. अर्ज गेला की सुरुवातीला फक्त कागद पुरे आहेत का एवढं बघतात. मग वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला. आणि मग येते ती गोष्ट, जिचं नाव घेतलं की माझ्या गिऱ्हाइकांचा घसा कोरडा पडतो. तिला म्हणतात एलिजिबिलिटी रिव्ह्यू, म्हणजे पात्रतेची तपासणी. तुम्ही अर्जात जे जे म्हटलंय, वय, शिक्षण, इंग्रजी, कामाचा अनुभव, ते खरोखर तसंच आहे का आणि तेवढ्यावर तुम्ही नियमात बसता का, हे एक अधिकारी बसून बघतो. त्याने तुम्हाला पाहिलेलं नसतं आणि बहुतेक वेळा पाहणारही नसतो. तुम्ही माणूस म्हणून चांगले आहात का, हा त्याचा प्रश्नच नसतो. तुम्ही म्हणता ते काम तुम्ही केलंय का, एवढंच त्याला हवं असतं. हे आपल्याकडच्या माणसाला पटवण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

कारण आपल्याकडे पात्रता म्हणजे घराणं, वागणूक आणि चार लोकांत असलेलं नाव. असोद्याच्या एका बाईंनी मुलाच्या फायलीत लावायला सात-बारा, रक्तदानाचं प्रमाणपत्र आणि सरपंचांचा दाखला आणला होता. दाखल्यात लिहिलं होतं की मुलगा निर्व्यसनी असून गावातल्या सर्व कार्यात पुढे असतो. मी म्हटलं, अक्का, हे तिथे कुणी वाचणार नाही. त्या म्हणाल्या, वाचलं नाही तरी लावून ठेव, वजन पडतं. तो मुलगा गेला तिकडे, पण त्या कागदांचं वजन न पडता गेला. अक्कांना मी अजून ते सांगितलेलं नाही.

धुळ्याचे एक निवृत्त मुख्याध्यापकही असेच. त्यांची मुलगी स्थापत्य अभियंता, पुण्यात नोकरीला, अर्ज तिचा. पण दर गुरुवारी माझ्या टेबलासमोर सर हजर. संगणकावर तिच्या खात्यात एकच ओळ दिसायची, की आम्ही तुमची पात्रता तपासत आहोत. सर चष्मा पुसून ती ओळ वाचायचे आणि विचारायचे, काही हललं? मी नाही म्हणायचे. आमच्या वेळी एवढ्या दिवसांत अख्ख्या तालुक्याचे पेपर तपासून व्हायचे, असं म्हणून ते शेजारच्या खुर्चीवर बसायचे आणि मी आलेल्या माणसांशी बोलत असताना माझं मराठी सुधारायचे. एकदा त्यांनी फार गंभीरपणे विचारलं की तपासणाऱ्या साहेबांना मी स्वतः एक पत्र लिहिलं तर? माझं इंग्रजी अक्षर चांगलं आहे. मी त्यांना कसंबसं थांबवलं. मुलगी कॅनडाला जाऊन आता बराच काळ झाला, तरी सर गुरुवारी येतात आणि चहा घेऊन जातात. मलाही आता ते आले नाहीत तर चुकल्यासारखं होतं.

ही झाली गंमत. खरा पेच असतो तो अनुभवाच्या पत्राचा. जिथे काम केलं तिथल्या मालकाने लिहून द्यायचं असतं की हा माणूस अमुक काळ माझ्याकडे होता, त्याचं पद हे, पगार हा, आणि रोज तो नेमकं काय काय करायचा. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. प्रत्येक व्यवसायाचं तिथे एक वर्णन ठरलेलं आहे. वेल्डर काय करतो, नर्स काय करते, वायरमन काय करतो. तुमच्या पत्रातलं काम त्या वर्णनाशी जुळलं पाहिजे. तुम्ही वेल्डर म्हणून अर्ज केला आणि पत्रात मालकाने प्रेमाने मॅनेजर लिहिलं, तर मॅनेजर हा वेगळा व्यवसाय झाला आणि अर्ज खड्ड्यात गेला.

आपल्याकडचे मालक नेमकं तेच करतात. कारण आपल्याला माणसाबद्दल लिहून द्यायची एकच पद्धत माहीत आहे, ती म्हणजे लग्नाच्या चौकशीची. गावात पाहुणे येऊन विचारतात, तो अमक्याचा मुलगा कसा आहे? तेव्हा पानटपरीवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळे त्याला एक पायरी वर चढवून सांगतात. ड्रायव्हर असेल तर त्याची स्वतःची गाडी आहे म्हणतात. कारकून असेल तर साहेब. यात खोटं बोलतोय असं कुणालाच वाटत नाही. आपल्या माणसाची चौकशी आली की त्याला मोठं करून सांगायचं, ही आपल्याकडची रीत आहे, आणि मी स्वतःही माझ्या भाच्यांसाठी ते केलेलं आहे.

आता नानांकडे येते, कारण ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते तेच आहेत.

नाना मूळचे धुळ्याकडचे, शिरपूर रस्त्यावरच्या एका गावचे. तरुणपणी रेफ्रिजरेशनचं काम शिकले आणि नशिराबादला हायवेच्या कडेला वर्कशॉप टाकलं. आमच्या भागात केळी पिकवायला थंड खोल्या असतात, त्यांना चेंबर म्हणतात. शिवाय कोल्ड स्टोअर. ऐन हंगामात एखाद्या चेंबरचा कॉम्प्रेसर बंद पडला तर आतला माल हातचा जातो, व्यापारी रडकुंडीला येतो. तेव्हा फोन जायचा तो नानांना, आणि जायचा किरण.

किरण असोद्याचा. आयटीआय करून नानांकडे आला तेव्हा मिसरूड फुटत होतं, वडील नुकतेच गेले होते. पुढे तिथेच तो पक्का मेकॅनिक झाला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. त्याच्या लग्नात वडीलधारे म्हणून पुढे बसायला नाना होते. बौद्ध पद्धतीचं लग्न, नानांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पण पंचशील म्हणायची वेळ आली तेव्हा शेजारच्याकडे बघून त्यांनी हात जोडले आणि शब्दाशब्दाने मागे म्हटलं. हे मला किरणची बायको प्रज्ञा हिने सांगितलं. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि तिला माणसं चांगली ओळखता येतात.

जायचं किरणच्या मनात का आलं, तर त्याला मोठी यंत्रणा बघायची होती. आपल्याकडे तेच तेच जुने कॉम्प्रेसर, तेच जुगाड. मोबाईलवर तो तिकडच्या प्लँटचे व्हिडिओ बघायचा आणि जेवता जेवता प्रज्ञाला समजावून सांगायचा. इंग्रजीच्या परीक्षेला दोनदा बसला. अर्जाला वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव यांचे मिळून गुण लागतात, त्यांत वयाचा मोठा वाटा असतो, आणि त्याचं वय आता अशा ठिकाणी आलं होतं की दर वाढदिवसाला गुण कमी होणार. म्हणजे हा अर्ज फेटाळला गेला तर पुढच्या अर्जाला त्याचे गुण पुरणार नाहीत, हे मला पहिल्या दिवशीच दिसत होतं आणि मी ते त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

नानांनी आनंदाने पत्र दिलं. जाड लेटरहेडवर, स्वतः सांगून टाईप करून घेतलेलं. त्यात किरण चांगल्या वळणाचा, शब्दाचा पक्का आणि मला मुलासारखा असल्याचं लिहिलं होतं. कॉम्प्रेसरचा उल्लेख कुठेही नव्हता. पद मॅनेजर. मी कपाळाला हात लावला.

माझी एक सवय आहे. पत्राचा मसुदा करायच्या आधी मी ते काम जाऊन बघते. साहेब म्हणतात वेळ घालवता, पण बघितल्याशिवाय मला लिहिता येत नाही. त्याप्रमाणे मी एका केळीच्या चेंबरवर गेले. दार उघडल्याबरोबर पिकत्या केळीचा घमघमाट आला, आणि अंगावर गारवा आला. किरणने गेज लावून दाब बघितला, गळती शोधली, एक पाईप कापून पुन्हा जोडला, गॅस भरला, मग थर्मोस्टॅट लावून दिला. प्रत्येक गोष्ट मी विचारत होते आणि तो सांगत होता. तेच सगळं मी पत्रात घातलं. नानांना वाचून दाखवलं, जे आहे तेच लिहिलंय ना, असं विचारून घेतलं. नाना म्हणाले, आहे तर तेच, पण फारच साधं दिसतंय. मनाविरुद्ध का होईना, त्यांनी सही केली. जाताना मी त्यांना बजावलं की तिकडून कदाचित चौकशीचा फोन येईल, तेव्हा पत्रात आहे तेच सांगा. ते म्हणाले, काळजी करू नका.

अर्ज गेला. पुढचे टप्पे सुरळीत झाले आणि किरणच्याही खात्यात ती ओळ आली, आम्ही तुमची पात्रता तपासत आहोत.

मग एके दिवशी दुपारी नाना पेढे घेऊन ऑफिसात आले. जिना चढून धाप लागली होती पण चेहरा असा की घरात सोयरीक जमलीय. मी पाणी दिलं. म्हणाले, फोन आला होता. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, फार सभ्य. नाना त्यांच्या अहिराणीत सांगत गेले आणि माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

"त्यानी ईचारं, किरण तुमनाकडे काय काम करस? मी सांगं, काम कसानं? तो तं मालक शे. बठ्ठा कारभार तोच दखस."

आणि हाताने काम कोण करतं, असं त्याने विचारल्यावर नानांनी सांगितलं होतं की हाताखाली पोरं आहेत. हाताखाली कुणी नव्हतं. नाना आणि किरण, एवढंच ते वर्कशॉप. पण चौकशी आली होती, आणि नानांनी रीतीप्रमाणे आपल्या माणसाला वर चढवलं होतं. पत्रात मी त्याला साधा करून टाकला ही त्यांच्या मनाला लागलेली गोष्ट होती, तीही त्यांनी भरून काढली. पेढे ठेवून ते खूश होऊन गेले. मी पेढा पुड्यात परत ठेवला आणि किरणची फाईल काढून बसले.

पुढे जे व्हायचं तेच झालं. खुलासा मागणारं पत्र आलं. असं पत्र म्हणजे अजून निकाल नसतो. अधिकारी म्हणतो, मला ही शंका आहे, तुमचं म्हणणं ठरलेल्या मुदतीत सांगा, मग मी ठरवतो. मला ही पद्धत न्यायाची वाटते. पण शंका काय होती ते बघा. अर्जदार स्वतःला पगारी मेकॅनिक म्हणतो, मालक म्हणतो की तोच मालक आहे आणि काम दुसरे करतात. तेव्हा अर्जदाराने हे काम केलंच आहे असं वाटत नाही, आणि त्याने खोटी माहिती दिली असण्याची शक्यता आहे. यातलं शेवटचं वाक्य फार वाईट. अर्ज नुसता फेटाळला तर माणूस पुन्हा प्रयत्न करू शकतो. खोटेपणाचा शिक्का बसला तर काही वर्षं दारच बंद होतं. किरणच्या बाबतीत ते दार पुन्हा उघडणार नव्हतं, कारण तोवर वय निघून जाणार.

दोघांनाही ऑफिसात बोलावलं. किरणने पत्र वाचलं आणि खाली ठेवलं. नानांना मी मराठीत सांगितलं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग विचारलं, म्हणजे मी त्याचं नुकसान केलं का? मी म्हटलं, नुकसान अजून झालेलं नाही, पण आता आपल्याला शपथपत्रावर लिहून द्यावं लागेल की तो मालक नाही. फोनवर तुम्ही म्हणालात ते मायेपोटी म्हणालात, ते खरं नव्हतं.

यावर नाना चिडले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"खोटं कसं व्हयनं, ताई? वर्कशॉप मी किरणलेच देनार व्हतू. मंग मालक म्हनं तं काय चुकनं?"

खालच्या दुकानात कुणाच्यातरी मोबाईलची रिंगटोन पुन्हा पुन्हा वाजवून बघत होते, ती तेवढी ऐकू येत होती. नानांना एकच मुलगी, धुळ्याला दिलेली, जावई बँकेत. दोघांनाही पाना-पक्कडीत रस नाही. वर्कशॉप किरणला द्यायचं हे त्यांनी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं आणि मुलीच्याही कानावर घातलं होतं. फक्त किरणला सांगायचं राहिलं होतं. सांगू सांगू म्हणत होते, तेवढ्यात हा कॅनडाचं घेऊन आला. मग आपण बोललो तर त्याचा पाय अडकेल, म्हणून ते गप्प बसले. फोनवरच्या अनोळखी माणसाला मात्र त्यांनी मनातलं सांगून टाकलं.

किरणच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, फाईल मागे घेता येते ना? घ्या मागे. मला नाही जायचं."

मी या खुर्चीत बसून बऱ्याच जणांना रडताना बघितलंय, पण ते नकार आल्यावर रडतात. फाईल मागे घेता येते, हे मी त्याला सांगितलं, कारण ते खरं होतं. आणि खरं सांगायचं तर एक क्षण मलाही वाटलं की घ्यावी. वर्कशॉप आहे, माया आहे, घर आहे, अजून काय लागतं?

उत्तर नानांनीच दिलं. राग गेला होता. किरणच्या गुडघ्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तू आठे ऱ्हाशी म्हनीसन नही, बापू. तुले काम येस म्हनीसन देनार व्हतू. काम तठे बी येई. तू जाय."

तो इथे राहील म्हणून नव्हे, त्याला काम येतं म्हणून ते वर्कशॉप देणार होते, आणि काम त्याला तिकडेही येणारच होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, काय लिहायचं ते लिहा.

ते पुढचे काही दिवस मी बाकीच्या फायली बाजूला सारल्या. बँकेत दरमहा जमा होणारा किरणचा पगार, वर्कशॉपचा नानांच्या एकट्याच्या नावाचा परवाना, हे सोपं होतं. कोल्ड स्टोअरवाल्यांकडून मी पत्रं आणली की बिघाड झाल्यावर येऊन स्वतः दुरुस्ती करणारा माणूस हाच. एका व्यापाऱ्याने तर किरण कॉम्प्रेसर उघडून बसलाय असा फोटो काढून ठेवलेला होता, केळीच्या क्रेटवर बसलेला, तोंडात टॉर्च. तो फोटो मी सगळ्यात वर लावला. आणि खुलाशात एक परिच्छेद लिहिला की आमच्या भागात जवळच्या माणसाची चौकशी आली तर त्याला एक पायरी वर चढवून सांगण्याची पद्धत आहे, विशेषतः लग्नाच्या वेळी, आणि या वयस्क गृहस्थांनी ती चौकशी त्याच अंगाने घेतली. मुंबईहून साहेबांचा फोन आला की हा परिच्छेद काढा, आपण निबंध पाठवत नाही. मी म्हटलं, साहेब, घडलंय ते हेच आहे, यापेक्षा खरं माझ्याकडे दुसरं काही नाही. परिच्छेद राहिला.

राहता राहिलं नानांचं शपथपत्र. ते मी मराठीत केलं, सोबत इंग्रजी भाषांतर. जळगावच्या कोर्टाबाहेर नोटरीच्या टेबलाशी आम्ही तिघं उभे होतो. किरणने यायला नको होतं, पण नानांना मोटारसायकलवर कोण आणणार, म्हणून तोच आला. नोटरी वकील भरभर वाचायला लागले तेव्हा नानांनी त्यांना थांबवलं आणि मला वाचायला सांगितलं, सावकाश.

मी वाचत गेले. किरण हा माझ्या वर्कशॉपमध्ये पगारी मेकॅनिक आहे. तो मालक नाही. नानांनी मान हलवली. तो भागीदार नाही, व्यवसायात त्याचा कोणताही हिस्सा नाही. पुन्हा मान हलवली. व्यवसाय त्याला द्यावा असा माझा विचार होता, परंतु तसा कोणताही दस्त केलेला नाही आणि आता तो विचार मी सोडून दिला आहे. इथे त्यांनी खिशातून रुमाल काढला, घाम पुसला आणि म्हणाले, पुढे. किरण रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला होता.

शेवटचं वाक्य होतं, किरण याच्याशी माझे कोणतेही नाते नाही.

ते वाक्य मी मुद्दाम घातलं होतं. नातेवाइकाने दिलेल्या साक्षीला वजन कमी असतं. हा माणूस परका आहे, याला खोटं बोलून काही मिळायचं नाही, हे अधिकाऱ्याला कळायला हवं. माझ्या हिशेबाने सगळ्या शपथपत्रात ते वाक्य सगळ्यात कामाचं होतं.

नाना म्हणाले, "बठ्ठं लिखेल ते खरं शे, ताई. पन हाई एक वाक्य काढी टाका."

मी त्यांना वाक्य का हवं ते समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हो हो म्हणाले, पण पेन काही हातात घेईनात. मालकी सोडली, हिस्सा सोडला, वर्षानुवर्षं मनात धरलेला विचार सोडून दिल्याचं मान्य केलं, आणि या एका वाक्याशी येऊन हा माणूस अडून बसला. किरणने वळून बघितलं. तो म्हणाला, नाना, करून टाका सही, कागद आहे तो. तरी ते हलले नाहीत.

माझा धंदा अचूक लिहिण्याचा आहे. मी ते वाक्य पुन्हा वाचलं आणि माझ्या लक्षात आलं की ते अचूक नाहीच. मी नोटरींना विचारलं, एक शब्द हाताने वाढवला तर चालेल का? ते म्हणाले, बाजूला सही करा म्हणजे चालेल. मी 'कोणतेही' पुढे वर खूण करून 'रक्ताचे' असा शब्द लिहिला आणि वाक्य नानांना वाचून दाखवलं. किरण याच्याशी माझे कोणतेही रक्ताचे नाते नाही.

नानांनी दोन वेळा ऐकलं. मग पेन घेतलं आणि सगळीकडे सह्या केल्या, त्या वाढवलेल्या शब्दाशेजारीसुद्धा.

खुलासा गेला. त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, कारण मीच मुख्याध्यापक झाले होते, उठता बसता तीच ओळ उघडून बघायची. नाना फोन करत नव्हते. किरण कामावर जात होता, प्रज्ञा अधूनमधून ऑफिसात डोकावायची आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून परत जायची.

किरण आज तिकडे एका मोठ्या शीतगृहात काम करतो. नानांनी वर्कशॉप चालू ठेवलंय, पण फार लांबच्या कामाला जात नाहीत. असोदा, नशिराबाद, जळगाव या पट्ट्यातली किती मुलं मी धाडली हे मी मोजत नाही. कधीकधी एखाद्या लग्नात गेले की आयाबाया भोवती जमतात, माझ्या मुलाला तुम्हीच पाठवलं म्हणून हात धरतात, आणि त्यातली एखादी हळूच विचारते, परत येतात का हो तिकडून? मला या कामाचा अभिमान आहे, आणि त्या बाईचा हात हातात असतो तेव्हा तो अभिमान कुठे ठेवावा ते समजत नाही. दोन्ही खरं आहे.

निकाल आला त्या दिवशी मी ऑफिसात एकटीच होते. सल्लागाराच्या, म्हणजे आमच्या, खात्यात तो आधी दिसतो, म्हणून मला आधी कळला. नियमाप्रमाणे निकाल अर्जदाराला सांगायचा असतो, दुसऱ्या कुणाला नाही. इतकी वर्षं मी तो नियम कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मी फोन नशिराबादला लावला.

नानांनी फोन उचलला तेव्हा मागे कसलंतरी मशीन चालू होतं. मी म्हटलं, नाना, निकाल आला. त्यांनी मशीन बंद केलं. मी म्हटलं, पात्र ठरला.

"काय म्हनीसन?" त्यांनी विचारलं.

"मेकॅनिक म्हणून."

नाना म्हणाले, "चांगला मेकॅनिक शे मना पोऱ्या." आणि फोन ठेवून दिला.

मी डोळे पुसले, पाणी प्यायले आणि मग किरणला फोन लावला.